परसदारची फरसबंदी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी घराच्या मागच्या अंगणाबद्दल आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. जवळपास प्रत्येकाने विचारलं आहे ते फरशीबद्दल: शहाबादी घालू की पेव्हर, कोबा करू की जांभा? खर्च आणि टिकाऊपणा ठरतो तो मात्र फरशीखालच्या दीड फुटात आणि पाण्याच्या ढाळात. म्हणून उत्तरांमध्ये मुरूम, खडी आणि पाणी यांनाच जास्त जागा दिली आहे. दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. त्यामुळे रुपयांऐवजी मापं दिली आहेत; स्थानिक दराने गुणाकार करून घ्यावा.

प्रश्न : स्वयंपाकघराच्या मागे १६ बाय १४ फुटांची मोकळी जागा आहे. माती काळी, पावसाळ्यात नुसता चिखल. संध्याकाळी चौघांना चहा घेत बसता यावं आणि उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत घालता याव्यात, एवढीच अपेक्षा. गवंडी म्हणतो, सगळ्या जागेला कोबा करून टाका. पैसे बेताचे आहेत. काय करावं आणि किती सामान लागेल? (वाचक, सांगली)

सगळी जागा झाकू नका. चौघांचं तीन बाय तीनचं टेबल ठेवलं, तर खुर्ची मागे सरकवायला चारही बाजूंनी अडीच-तीन फूट लागतात, म्हणजे नऊ बाय नऊची जागा झाली. त्यात दारातून ये-जा करायची वाट धरली की १० बाय १२ पुरते. उरलेल्या जागेत कढीपत्ता, जास्वंद लावा किंवा सध्या काहीच करू नका. या मापाला आणखी एक फायदा आहे. दोन बाय दोनच्या फरश्या पाच गुणिले सहा अशा तीस बसतात आणि एकही कापावी लागत नाही. हेच माप ११ बाय १३ केलंत, तर दोन बाजूंना अर्ध्या फरश्यांची रांग येते आणि कापणावळ, फूट, मजुरी सगळंच वाढतं. मात्र बाजारात 'दोन बाय दोन' म्हणून येणारी फरशी कधी २२ इंचीही निघते. आधी फरशीला टेप लावा, मग खड्डा आखा.

आखणी फक्कीने करा आणि आठ दिवस तशीच राहू द्या. त्या चौकोनात खुर्च्या मांडा, स्वयंपाकघराचं दार पूर्ण उघडून पाहा, हातात चहाचा ट्रे घेऊन चाला. चार वाजता आणि साडेपाचला सावली कुठे पडते त्याची खूण करा. घराची मागची बाजू पूर्वेला असेल, तर दुपारनंतर घराचीच सावली मिळते, वर काही बांधायची गरज नाही. पश्चिमेला असेल, तर बसायची जागा भिंतीच्या आडोशाने दक्षिण किंवा उत्तर कोपऱ्याकडे सरकवता येते का, ते याच आठ दिवसांत कळेल. काटकोन तपासायला दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांचा त्रिकोण घ्या. गुण्या लहान पडतो.

आता काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात. ओल आधी कडेला पोचते, त्यामुळे कडा वर उचलल्या जातात आणि मध्यभाग तसाच राहतो. कोबा हा एकसंध पापुद्रा असतो, त्याला वाकता येत नाही, मग तो तडकतो. सोळा बाय चौदाचा सलग कोबा काळ्या मातीवर थेट टाकला, तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात तडा जाण्याची शक्यता फार मोठी. चार इंचाचा कोबा मजबूत वाटतो खरा, पण तुमच्याकडे पैसे बेताचे आणि माती काळी, अशा वेळी आमचा कौल सुट्या शहाबादी फरसबंदीला आहे. ती हलली तर उचलून पुन्हा बसवता येते. कोबा तडकला तर फोडावाच लागतो.

काम असं करा. फरशीची वरची पातळी घराच्या जोत्यापेक्षा किमान सहा इंच खाली हवी. यात तडजोड नको. पातळी जोत्याला भिडली की ओल भिंतीत चढते आणि आतल्या खोलीचा गिलावा फुगतो. पातळी घ्यायला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना खूण करा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर खूण चुकते, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं उभं राहतं का ते पाहा. ढाळ घरापासून दूर, दर पाच फुटांना एक इंच. दहा फुटांत दोन इंच उतार झाला.

फरशीच्या ठरलेल्या पातळीपासून सुमारे साडेपंधरा इंच खोल खणा: दीड इंचाची फरशी, दोन इंच ग्रीट (बारीक खडी आणि कच, म्हणजे दगडाचा चुरा) आणि बारा इंच दाबलेला मुरूम. बहुतेक ठिकाणी एक गोष्ट राहून जाते: खड्ड्याचा तळही त्याच ढाळात खणायचा. वर ढाळ आणि खाली सपाट किंवा खोलगट तळ असेल, तर सांध्यांतून उतरलेलं पाणी मुरुमाखाली साठतं आणि काळी माती फुगायला तेवढं पुरतं. घर जुनं, मातीतल्या पायाचं असेल, तर आधी एका कोपऱ्यात पाया किती खोल आहे ते उकरून पाहा. पायाच्या तळाखाली खणायचं नाही.

मुरूम खड्ड्यात एकदम ओतू नका. पाच-पाच इंचांचे तीन थर घाला, प्रत्येक थर पाणी शिंपून धुमसाने किंवा भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा, म्हणजे तो चार इंचांवर येतो. पाणी किती? मुठीत मुरूम आवळला तर गोळा व्हावा, आणि गोळा दोन बोटांत दाबला की दोन तुकडे व्हावेत. बोटांमधून पाणी आलं तर जास्त झालं, भुकटी राहिली तर कमी. टाच रोवून पाहा. खूण उमटली तर तो थर अजून दाबायचा आहे. कडेला फरशीच्या बाहेर सहा इंचांपर्यंत मुरूम जाऊ द्या, नाहीतर पहिली खचते ती कडेचीच रांग.

सामानाचा हिशेब १० बाय १२ साठी असा. मुरूम सुटा मोजून पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ग्रीट २० घनफूट, पण दाबल्यावर बसते म्हणून २५ मागवा. शहाबादी ३० नग आणि फुटीला दोन. फरशी पॉलिशची नको, रफ घ्या, जाडी दीड इंचाच्या आसपास. पाऊण-एक इंची फरशी सुट्या बिछान्यावर मधोमध चिरते. जुने वाडे पाडतात तिथे निघालेली शहाबादी मिळाली तर आनंदाने घ्या. ती जाड असते. जाडी कमी-जास्त असेल तर ग्रीटचा थर तेवढा कमी-जास्त करता येतो. निघालेली काळी माती फेकू नका, शेणखत मिसळून वाफ्यांना वापरा. ती सुटी होऊन सुमारे अडीच ब्रास भरेल, तेव्हा ठेवायची जागा आधीच ठरवा.

फरशी बसवताना तिच्या पूर्ण तळाला ग्रीट लागली पाहिजे. एका कोपऱ्यावर उभं राहून पाहा, डुगडुगली तर उचलून पुन्हा बसवा. रबरी हातोड्याने मध्यापासून कडेकडे ठोका. सांधे अर्धा इंच ठेवा, त्यात कच झाडून पाणी मारा, दोन दिवसांनी पुन्हा भरा. हवं तर एखाद्या रांगेच्या सांध्यात दूर्वा रुजवा. बाहेरच्या तीन बाजूंना विटा उभ्या गाडून १:६ मालात (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) पक्क्या करा.

सिमेंटमधली पक्की फरसबंदीच हवी असेल, तर खोदाई अडीच इंच वाढवा. मुरुमावर तीन इंच १:४:८ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी या क्रमाने) आणि त्यावर दीड इंच १:६ चा माल लागेल. काँक्रीटला सिमेंटची तीन पोती, वाळू किंवा क्रश सँड १४ घनफूट, खडी २९ घनफूट. मालाला अडीच पोती आणि १७ घनफूट वाळू. घराची भिंत आणि फरसबंदी यांच्यात अर्धा इंच फट ठेवा, तिच्यात थर्माकोलची पट्टी आणि वरून सीलंट. भिंतीला चिकटवून माल भरला, तर दोन्ही वेगवेगळे हलतात आणि भिंतीचा गिलावा सोबत ओढला जातो. गवंडी घाईत असला की फरशीखाली चार कोपऱ्यांत मालाचे चार गोळे टाकून वर फरशी दाबतो. काम चालू असतानाच थापीच्या मुठीने प्रत्येक फरशी वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर माल ओला आहे तोवर उचलून घ्या. नंतर उचलणं म्हणजे फोडणं. सात दिवस ओली पोती अंथरून ठेवा.

आणि वेळ: हे काम वैशाखात नको. भेगाळलेल्या कोरड्या मातीवर केलेलं काम पहिल्या पावसात खालून उचललं जातं. दिवाळीनंतर, जमिनीत बेताची ओल असताना, नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी मागच्या अंगणात, साधारण १५० चौरस फुटांत, पेव्हर ब्लॉक बसवले. गाडी कधीच जात नाही. तरी मध्ये खड्डा पडून पाणी साचतं, कडेचे ब्लॉक सुटून बाहेर सरकलेत आणि सांध्यांतून मुंग्या माती वर काढतात. ब्लॉकच हलक्या प्रतीचे असावेत का? नवे घ्यावे लागतील? (वाचक, नाशिक)

ब्लॉक फुटलेले किंवा वरून पापुद्रा निघालेले नसतील तर ते निर्दोष आहेत. नवे घेऊ नका. चालण्यापुरत्या जागेला ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक भरपूर झाला (गाडीसाठी ८० घ्यावा). बिघाड खाली आहे, आणि तो पाहायला एका कोपऱ्यातले चार ब्लॉक काढा. बहुधा तीन-चार इंच वाळू दिसेल.

पेव्हरखालची वाळू बिछान्यापुरती असते, पातळी भरून काढायला नसते. खालचा मुरूम उंचसखल राहिला की कारागीर खोलगट भाग वाळूने भरतो. वरून सगळं एकसारखं दिसतं, पण जिथे वाळू चार इंच आहे तिथे ती बसते आणि जिथे एक इंच आहे तिथे बसत नाही. तोच तुमचा मधला खड्डा. कडेला रोध नसेल, तर वाळू तिथून बाहेर वाहते आणि ब्लॉक तिच्यामागे सरकतात. मुंग्या त्रास देतात, पण मूळ कारण त्या नाहीत. सैल वाळू आणि रिकामे सांधे मिळाले की त्या येतात.

दुरुस्तीत खर्च जवळजवळ सगळा मजुरीचा. ब्लॉक काढून एका बाजूला रचा, सांध्यांची चिकटलेली माती खरवडून टाका. कडेला राहिलेला एक मिलिमीटरचा थरही पंधराव्या रांगेला दीड सेंटिमीटर होतो. सगळी वाळू उपसा. खालचा मुरूम उघडा करून ढाळ दोरीने तपासा, खोलगट जागी मुरूम किंवा बारीक खडी भरून दाबा. मुरुमाची पातळीच शेवटच्या पातळीला समांतर झाली पाहिजे. हे एक काम मनापासून केलंत की बाकी सोपं आहे.

मग कडा. चारही बाजूंना चार इंच रुंद, सहा इंच खोल चर काढून १:३:६ काँक्रीटचा पट्टा भरा, वरचा काठ ब्लॉकच्या अर्ध्या उंचीपर्यंत. हा पट्टा मातीत झाकला जातो, दिसत नाही. ज्या बाजूला घराची भिंत आहे तिथे पट्ट्याची गरज नाही.

वाळूसाठी एक इंची दोन जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप समांतर ठेवा, मध्ये जाडसर कोरडी वाळू ओता आणि सरळ पट्टी पाइपांवरून ओढा. पाइपांच्या जाडीइतका, म्हणजे सव्वा इंचाच्या आसपास, एकसारखा थर मिळतो. पाइप काढल्यावर राहिलेल्या खाचा वाळूने भरा आणि त्या वाळूवर पाय देऊ नका. बसवलेल्या ब्लॉकवर उभं राहून पुढे सरकायचं. १५० चौरस फुटांना अशी वाळू १८-२० घनफूट लागते. सांधे दोन ते चार मिलिमीटर. प्लेट कॉम्पॅक्टर खाली रबराची चटई लावून एकदा उभा, एकदा आडवा फिरवा, मग बारीक, पूर्ण कोरडी वाळू झाडूने सांध्यांत भरा आणि पुन्हा फिरवा. महिन्याभरात सांधे थोडे खाली बसतील, तेव्हा परत वाळू झाडा. मुंग्यांवरही सर्वांत चालणारा उपाय हाच, भरलेले सांधे.

वाळूत कोरडं सिमेंट मिसळायचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो घेऊ नका. ओल लागून त्याचे ढेकूळ होतात, ब्लॉक त्यावर अधांतरी राहतात आणि खाली गेलेलं पाणी अडतं. शिवाय पुढे कधी पाइप टाकायला ब्लॉक उचलावे लागले तर ते धड सुटत नाहीत.

प्रश्न : परसात जांभ्याचे चिरे आडवे घालून बसायची जागा केली. दिसायला सुंदर, पण श्रावणापर्यंत हिरवं शेवाळ धरतं. सासूबाई दोनदा घसरल्या. वरून टाइल लावावी की रंगाचा थर द्यावा? (वाचक, रत्नागिरी जिल्हा)

दोन्ही नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो अशा ठिकाणी सच्छिद्र दगड ओल धरणारच. वरून रंग किंवा वॉर्निश दिलं की खालून आलेली वाफ तो थर फुगवून सोडवते आणि पोपडे आलेला रंग शेवाळापेक्षा निसरडा. गुळगुळीत टाइल तर पावसात काचेसारखी.

सासूबाईंच्या दृष्टीने आधी वाट सुरक्षित करा. दारापासून न्हाणीपर्यंत किंवा विहिरीपर्यंत जिथून रोज जाणं-येणं आहे, तिथल्या चिऱ्यांवर छिन्नीने आडव्या, म्हणजे चालण्याच्या दिशेला काटकोनात, खाचा पाडून घ्या. खोली पाव इंच, अंतर दीड-दोन इंच. जांभा ओला असताना नरम लागतो, हे काम एक माणूस दोन दिवसांत करतो. पायऱ्या असतील तर एका बाजूला कठडा हवाच.

मग ढाळ पाहा. तुमच्याकडे दर पाच फुटांना एक इंच पुरत नाही, चार फुटांना एक इंच धरा. जिथे पाऊस थांबल्यानंतर तासाभरानेही पाणी दिसतं, तेवढेच चिरे उचलून पुन्हा बसवा. छपराच्या पागोळ्या थेट चिऱ्यांवर पडत असतील तर पन्हळ लावून त्या बाजूला न्या. पागोळीची रेघ जिथे पडते तिथेच शेवाळ सगळ्यांत दाट असतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. वर झुकलेल्या माडाच्या झावळ्या आणि फणसाच्या खालच्या फांद्या मे महिन्यात उतरवा, उन्हाची दोन तासांची तिरीप मिळाली तरी फरक पडतो.

असलेलं शेवाळ काढायला दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी ओता, वीस मिनिटांनी काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला. विहिरीत आणि झाडांच्या आळ्यात ते पाणी जाऊ देऊ नका. ब्लीचिंगबरोबर ॲसिड किंवा ॲसिडयुक्त क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. मृग लागण्याआधी एकदा आणि श्रावणाच्या तोंडाशी, उघडीप मिळाली की एकदा, असं दोनदा केलं तर घसरण बरीच आटोक्यात राहते.

प्रश्न : मागच्या ओट्यावर पॉलिश शहाबादी आहे. तांब्या-पितळेची भांडी तिथेच चिंचेने घासतो. फरशीवर पांढुरके, खरखरीत डाग पडलेत, साबणाने जात नाहीत. (वाचक, कोल्हापूर)

ते डाग वरून बसलेले नाहीत, फरशी तेवढी झिजली आहे. शहाबादी, तांदूर, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड. चिंच, लिंबू, ताक आणि टॉयलेट धुवायचं ॲसिड यांनी चुना विरघळतो आणि पॉलिश निघून जातं. साबणाने काही होणार नाही. पॉलिशवाला मशीन फिरवून वरचा थर काढून देईल, पण भांडी तिथेच घासणार असाल तर पुन्हा तेच होईल. त्यापेक्षा भांड्यांसाठी दोन बाय तीन फुटांची ग्रॅनाइटची पाटी घाला. पाट्या कापणाऱ्यांकडे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात आणि ग्रॅनाइटला चिंचेने काही होत नाही. बाकीच्या फरशीला पॉलिश नसलेलंच बरं, ओल्या पायाने चालायची जागा आहे.

प्रश्न : मागच्या अंगणात काळा कडप्पा घालायचा विचार आहे. अंगण पश्चिमेला. वर सावलीसाठी कमी खर्चात काय करता येईल? (वाचक, नागपूर)

काळा कडप्पा नको. गडद दगड ऊन पितो आणि मे महिन्यात सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ पाय ठेवू देत नाही. फिकट राखाडी शहाबादी किंवा फिकट रंगाचे पेव्हर घ्या. अगदी कमी पैशांत करायचं असेल तर टाइलच्या दुकानातली फुटकी, फिकट टाइल आणून गच्चीवर करतात तसं चायना मोझाइक करा. मात्र खरखरीत, मॅट तुकडे निवडा आणि तुकड्यांमधले सांधे रुंद ठेवा. चकचकीत तुकडे गच्चीवर चालतात, बसायच्या जागी नाही.

सावलीबाबत एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्हाला त्रास देणारं ऊन डोक्यावरून येत नाही, चारनंतर समोरून तिरपं येतं. वरचं छत कितीही मोठं केलं तरी ते खालून आत शिरतं. म्हणून पैसे आधी पश्चिमेच्या उभ्या आडोशावर खर्च करा: दीड इंची जीआय पाइपची सात फूट उंच चौकट आणि तिच्यावर वेल. कृष्णकमळ लवकर भरतं, मधुमालती दाट होते पण फार जड, दरवर्षी छाटावी लागते. वेल वाढेपर्यंत पहिले दोन उन्हाळे बांबूची तट्टी किंवा वाळ्याची टाटी लावा, तीवर दुपारी पाणी मारलं की झुळूक गार येते.

वर ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट पुरे (रोपवाटिकेत वापरतात ती ५० टक्क्यांची बसायच्या जागेला विरळ पडते). खांब दोन इंची, एक बाय एक फुटाचा आणि दोन फूट खोल काँक्रीटचा पाया. हे पाये फरसबंदीच्या आधी घालून घ्या. नंतर फरशीवर बोल्ट मारून उभे केलेले खांब वादळात फरशीसकट उपटून निघतात. नेट खांबांना कायमची शिवू नका, दर दोन फुटांवर दोरीने बांधा आणि मे अखेरीस, वळवाची वादळं वाढली की उतरवून घडी करून ठेवा. असं केलं की तीच नेट पुढची काही वर्षं चालते.

प्रश्न : फरसबंदी केल्यावर आमच्या अंगणाचं पाणी शेजाऱ्यांच्या कुंपणाखालून जायला लागलं. ते रास्त चिडलेत. शोषखड्डा किती मोठा हवा? जमीन मुरमाड आहे. (वाचक, पुणे जिल्हा)

१२० चौरस फुटांवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २८० लिटर पाणी होतं. तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा डबराने भरला, तर दगडांच्या मधल्या पोकळीत तीनशे लिटरच्या आसपास मावतं. म्हणजे एवढ्या अंगणाला असा एक खड्डा ठीक, मुरमाड जमिनीत तो पुन्हा रिकामाही लवकर होतो. पण छपराचं पाणीही अंगणातच पडत असेल तर हिशेब बदलतो. सहाशे चौरस फुटांचं छप्पर त्याच पावसात जवळजवळ चौदाशे लिटर देतं. ते पन्हळीने आणि चार इंची पाइपने वेगळं काढा, टाकीत किंवा विहिरीत नेता आलं तर उत्तम. खड्डा घरापासून निदान दहा फूट लांब घ्या. तळाशी मोठे दगड, वर लहान, त्यावर खडी, आणि पाणी आत शिरण्याआधी एक बाय एक फुटाची गाळ बसायची टाकी. तिच्यातला गाळ वर्षातून एकदा काढला नाही तर खड्डा चिखलाने बुजतो. काळ्या मातीत मात्र शोषखड्डा करू नका. ती ओलीने फुगली की तिच्यातून पाणी खाली मुरत नाही, खड्डा तुंबून राहतो. तिथे उथळ उघडी गटार काढून पाणी रस्त्याच्या नाल्याकडे न्यावं.

प्रश्न : एकदम सगळं करणं परवडत नाही. टप्प्याटप्प्याने करता येईल का? आणि मुरूम-वाळूत फसवणूक होऊ नये म्हणून काय पाहावं? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

येईल, पण क्रम पाळा. पहिल्या वर्षी खोदाई, मुरूम, ढाळ आणि पाणी जायची वाट. त्यावर दोन इंच कच टाकून दाबली की पावसाळाभर चिखल न होता वापरता येते, आणि एका पावसाळ्यात कुठे बसतंय तेही दिसतं. ती जागा दुरुस्त करून दुसऱ्या वर्षी फरशी. सावली, झोपाळा, दिवे तिसऱ्या वर्षी. उलट क्रमाने, म्हणजे आधी अर्ध्या जागेला पूर्ण फरशी आणि पुढच्या वर्षी उरलेली अर्धी, असं केलं तर मधला सांधा कायम वर-खाली राहतो.

मुरुमाच्या ट्रॉलीचं मोजमाप रिकामी करण्याआधी करा. आतून लांबी, रुंदी आणि मालाची सरासरी उंची फुटांत मोजून गुणा आणि १०० ने भागा. १० बाय ६ ची ट्रॉली दोन फूट भरली असेल तर १.२ ब्रास झाले. वरचा ढीग मधोमध उंच आणि कोपऱ्यांत खाली असतो, म्हणून उंची पाच जागी घ्या. मुरुमात मातीचं प्रमाण जास्त असेल तर ओला मुरूम हाताला चिकटतो, मळल्यासारखा वळतो. असा परत पाठवा. वाळू किंवा क्रश सँडची मूठ काचेच्या ग्लासात पाणी घालून हलवा आणि तासाभराने पाहा, वर गाळाचा जाड थर बसला तर सिमेंटकामाला ती नको.

गवंड्याशी बोलताना 'फरशी बसवून द्या' एवढंच ठरवू नका. मुरुमाचे थर किती, प्रत्येक थर दाबणार कशाने, ढाळ किती, पाणी मारणार कोण, हे कागदावर लिहा. पैसे मुरूम दाबून झाल्यावर, निम्मी फरशी बसल्यावर आणि शेवटी बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहिल्यावर, असे तीन वेळा द्या.

आणि पहिल्याच टप्प्यात, मुरूम भरण्याआधी, दोन गोष्टी करून घ्या. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं नव्या पातळीपर्यंत वर उचलून घ्या. फरशीखाली गाडलेलं चेंबर तुंबलं की नेमकी कुठली फरशी फोडायची तेही सापडत नाही. आणि घराच्या भिंतीपासून पलीकडच्या कडेपर्यंत दोन रिकामे पीव्हीसी पाइप आडवे टाकून ठेवा, पाण्याच्या नळासाठी दोन इंची आणि विजेच्या तारेसाठी एक इंची, दोन्हींत नायलॉनची दोरी ओवून आणि तोंडं टोपणांनी बंद करून. त्यांची जागा भिंतीवर खडूने नव्हे, ऑइल पेंटने लिहा.